रिकामं भांडं न घेणारी

तुमच्या स्वयंपाकघरात या क्षणी दुसऱ्या कुणाचं एखादं भांडं आहे का? नुसतं आठवू नका, उठून फळीवर बघा. शेजारणीनं खीर पाठवलेली वाटी, लोणच्याचा डबा, काहीही. नसेल, तर तुमचं तुमच्या गल्लीत कुणी नाही, असं एक बाई तोंडावर म्हणाली असती. मला म्हणाली होती. त्याआधी मी तिच्याविरुद्ध पत्रक काढलं होतं.

तिचं नाव लिहीत नाही. त्या पत्रकात लिहिलं होतं, तेवढं पुरे झालं. बोईसरला औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला एक लांबट चाळ आहे. पत्र्याचं छप्पर, समोरासमोर खोल्या, मधून गटार. तोंडाशीच पहिली खोली तिची. सगळे तिला बाय म्हणत. बिहार, उत्तर प्रदेशातून आलेल्यांना नुसतं 'बाय' उद्धट वाटायचं, म्हणून ते 'बायजी' म्हणत. तिचं सासर माहीमचं, मुंबईतलं नव्हे, इकडच्या किनाऱ्यावरचं. नवरा इथल्या कारखान्यात होता, तो गेला, मुलगा नाशिकला स्थायिक झाला, तरी हिनं खोली सोडली नाही. माहीमची वाडी दिराच्या ताब्यात होती. दर आठवड्याला ती एसटीनं माहीमला जायची, दिराशी भांडायची आणि केळफूल, आळू, पापडी असं पिशवीभर घेऊन यायची.

त्या पिशवीचं पुढं काय व्हायचं, तर चाळीत नवं बिऱ्हाड आलं की पहिल्या आठवड्यात बाय त्यांच्या दारात उभी. हातात झाकलेलं भांडं. नाव नाही, गाव नाही, "कुठून आलात" नाही. "हे घ्या. उद्या भांडं द्या." एवढंच म्हणून वळायची.

हे वाचून तुम्हाला ती प्रेमळ वाटली असेल. मलाही पहिल्यांदा वाटली. ती प्रेमळ नव्हती. ती हट्टी, तोंडाळ आणि कमालीची अडेलतट्टू होती, आणि तिला काही समजावून सांगायचं म्हणजे भिंतीला पत्रक चिकटवण्यासारखं होतं. भिंतीवर निदान खळ तरी टिकते.

पत्रकांचं मला कळतं. माझे वडील कामगार संघटनेत होते. आमच्या घरी संध्याकाळी टीव्ही नसायचा, घड्या असायच्या. वडील मजकूर लिहीत, आई आणि मी पत्रकांच्या घड्या घालत असू. 'हक्क' हा शब्द मी 'हळद'च्या आधी लिहायला शिकले असेन. मोठी झाल्यावर आम्ही काही जणांनी परराज्यांतून आलेल्या कामगारांसाठी मंडळ काढलं. ज्यांचं काम सुटलं, ज्यांच्या घरात आजारपण आलं, अशा कुटुंबांची यादी करायची आणि शिध्याची पिशवी पोचवायची. तांदूळ, डाळ, तेल, साबण. सोबत हक्कांची माहिती देणारं पत्रक, हिंदीतून.

पहिल्याच वाटपाला बाय रांगेच्या बाजूला येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"या पिशव्या परत कधी घेणार?"

"परत नाही घ्यायच्या, बाय. त्यांच्याच आहेत त्या."

"मग ती माणसं तुमच्याकडं परत यायची कशी?"

"परत कशाला यायला हवीत? मदत आहे ही. उपकार नाही."

"उपकार नाय, उधार नाय, देणं नाय, घेणं नाय," ती म्हणाली. "मग तुमी त्यांचे कोण गो?"

मी तिला पत्रक दिलं.

तिच्या स्वतःच्या घरात कधीच धड भांडी नसायची. सगळी बाहेर. मी गेले की ती चहा करायची आणि मला स्टीलच्या वाटीतून द्यायची, स्वतः डब्याच्या झाकणातून प्यायची. झाकणातून चहा पिताना तिचा अंगठा भाजायचा आणि त्याचा राग ती माझ्यावर काढायची. "बघत काय बसलीस, फुंकर घाल की." कुठलं भांडं कुठल्या खोलीत आहे हे तिला तोंडपाठ असे. प्रत्येक भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं. लग्नात आलेली भांडी ती, कोरलेलं नाव तिचं आणि नवऱ्याचं. सांगायची, "नाव नसतं तर लोकांनी ठेवून घेतली असती." मी म्हटलं, म्हणजे तुमचा विश्वास नाही लोकांवर. "हाय की. म्हणून तर नाव घालून देते."

मी वाटीतला चहा संपवला.

आता सरिताची गोष्ट. सरिता सिवान जिल्ह्यातली. नवरा इथल्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली रसायनाची पिंपं हलवायचा. हजेरीपटावर त्याचं नावच नव्हतं. दोन लहान मुली. चाळीत राहायला येऊन त्यांना चार दिवस झाले असतील नसतील, तोच एक पिंप फुटलं आणि त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत भाजला. त्याला मुंबईच्या दवाखान्यात हलवलं. ठेकेदार दुसऱ्याच दिवशी म्हणायला लागला की हा माणूस माझ्याकडे कामाला नव्हताच.

त्याच आठवड्यात बायनं सरिताच्या दारात वालाच्या बिरड्यानं भरलेलं पातेलं ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी सरिताकडे अर्जावर अंगठा घ्यायला गेले, तेव्हा ती ते पातेलं परत करायला निघाली होती. राखेनं घासून आरशासारखं केलेलं. मी तिच्या मागोमाग गेले. सरितानं दोन्ही हातांनी पातेलं पुढं केलं. बायनं पातेल्याकडं पाहिलं, सरिताकडं पाहिलं आणि आपले दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"घेत नाय," ती म्हणाली आणि आत वळली.

सरिता तिथंच उभी. मग अगदी हळू मला म्हणाली, "दीदी, हमारे हाथ का नहीं छूतीं क्या?"

माझ्या डोक्यात जाळ झाला. दवाखान्यात नवरा, घरात दोन पोरी, आणि ही म्हातारी त्या बाईनं स्वतः घासलेलं भांडं हातात घ्यायला तयार नाही. अन्न द्यायला हात पुढं, परत घ्यायला मागं. म्हणजे हिची सगळी भांडी हे नुसतं दानाचं ढोंग. मी दारातूनच ओरडले, "बाय, का घेत नाही? कारण सांगा." आतून आवाज आला, "तिला कळायला पायजे." कळायला पायजे. मी त्या तीन शब्दांचा अर्थ मला हवा तसा लावला.

संध्याकाळपर्यंत पत्रक तयार होतं. मथळा होता, 'चाळीतलं सोवळं'. परप्रांतीय म्हणून हिणवणाऱ्यांपासून ते हातचं भांडं नाकारणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची मी एका दमात झडती घेतली होती. नाव घेऊन. स्टेशनबाहेर, चहाच्या टपऱ्यांवर, चाळीच्या नळापाशी वाटलं. मला वाटतं, लिहिलेलं चांगलं होतं. तीच तर अडचण होती.

बाय भांडायला आली नाही. दोन दिवसांनी आमच्या घरी एक वाडगा आला. चाळीतल्या कुणाच्या तरी हाती पाठवलेला. आत आळूचं फदफदं. वर झाकण म्हणून माझंच पत्रक, व्यवस्थित चौघडी घातलेलं.

आईनं झाकण उघडलं. उभ्यानंच पत्रक वाचलं आणि खाली बसली.

"सोवळं?" ती म्हणाली. "अगं, रिकामं भांडं कशी घेईल ती? पातेलं रिकामं नेलं होतं ना त्या बाईनं? घासून?"

"हो, मग?"

"अन्न आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. काहीतरी घालून द्यायचं. चिमूटभर साखर घाल, पण घाल. आणि घासायचं तर नाहीच, नुसतं विसळायचं. घासून रिकामं दिलं म्हणजे झालं, संबंध पुसला. तुझी आजी तर रिकामी वाटी परत आली की आठ दिवस त्या घराशी बोलायची नाही."

"मग मला हे कुणी सांगितलं का नाही?"

"तुझ्या बाबांना पटायचं नाही. अंधश्रद्धा म्हणायचे. मी सोडून दिलं." मग वाडगा हुंगून म्हणाली, "चिंच बरोबर पडलीय."

मी तशीच सरिताकडे गेले. ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "अरे, तो बोल देतीं ना. हमारे गाँव में भी खाली नहीं लौटाते. हम सोचे, शहर में ऐसे ही चलता होगा, साफ करके दे दो, बस. और घर में था भी क्या डालने को."

दोघींच्या गावात हजार मैलांचं अंतर आणि रीत एकच. मध्ये मी, पत्रक घेऊन. एकीनं विचारलं नाही, दुसरीनं सांगितलं नाही, आणि तिसरीनं छापलं.

आता मला आमच्याकडचा वाडगा परत करायचा होता. स्वयंपाक मला येत नव्हता. म्हणून मी दिलगिरीचं पत्र लिहिलं, ते वाडग्यात घातलं आणि घेऊन गेले. पत्रही चांगलं लिहिलं होतं. बायनं ते उघडलंसुद्धा नाही.

"हे काय?"

"माफीचं पत्र आहे. माझं चुकलं, बाय."

"कागद खाऊ?" तिनं वाडगा माझ्याकडं सरकवला. "तुझा आधीचा कागद झाकण म्हणून तरी बरा होता. शाई मात्र उतरते त्याची. चांगल्या ठिकाणी छापत जा."

"पण तुम्ही सांगितलं असतं तर हे काहीच झालं नसतं. त्या बाईला किती लागलं माहीत आहे? इतकं साधं कारण, आणि तुम्ही—"

"आमी कधी कुणाला सांगितलं नाय. सांगून घालायचं तर ते देणं झालं का? मागणं झालं."

मी दात आवळून घरी आले. आईनं वाडग्यात शेंगदाण्याची चटणी भरून दिली. ती मात्र बायनं घेतली, बोटानं चाखली आणि म्हणाली, "तुझ्या आईचा हात बरा हाय. तुझं तू बघ."

सरितानं पातेल्यात भाजलेल्या हरभऱ्याची मूठ घालून दिली. बायनं दोन दाणे तोंडात टाकले आणि सगळ्यांदेखत सुनावलं, "जास्त भाजलेत." मला वाटलं, आता ही रडेल. सरिता हसली. नवरा भाजल्यापासून पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं. त्या दिवसापासून पातेलं दोन्ही घरांत फिरत राहिलं. मला हे बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. उपाशी घरातून मूठभर हरभरे वसूल करायचे आणि वर त्यांना नावं ठेवायची, याला मी आजही न्याय म्हणणार नाही. मी तसं बायला म्हटलंही. ती म्हणाली, "ज्याला नावं ठेवता येत नाय, तो शेजारी कसला?"

ठेकेदाराविरुद्धच्या अर्जाची सुनावणी कोळगावला, जिल्हा मुख्यालयात होती. तारीख मिळाली होती. नवरा दवाखान्यात, त्यामुळं सरिताचा जबाब हाच एक पुरावा. कुठला डबा घेऊन तो जायचा, कुठल्या फाटकातून शिरायचा, ठेकेदाराचा माणूस त्याला रोज कसा हाक मारायचा, हे सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. ठेकेदाराला ते आमच्याइतकंच कळत होतं. सुनावणीच्या दोन दिवस आधी भर दुपारी तो टेम्पो घेऊन चाळीत आला. सोबत चाळमालक. मालक एडवणकडचा, इथलाच माणूस. ठेकेदाराच्या हातात रेल्वेची तिकिटं होती. दुपारची गाडी धरून सुरतेला, तिथून पुढं सिवान.

"बच्चियों को लेकर गाँव जाओ," ठेकेदार सांगत होता. "ठीक होते ही उसको भी भेज देंगे."

सरिता एकदा गेली की अर्ज मेला. गावाहून कोण परत येणार, कशाच्या जोरावर? पण मालकानं सांगून टाकलं होतं की खोली रिकामी हवी, भाडेकरार नाही, घरात पुरुष नाही, उद्या काही झालं तर त्याची जबाबदारी नाही. मी पोचले तेव्हा सामान टेम्पोत चढलं होतं. दोन गोण्या, एक पत्र्याची पेटी, छोटा गॅस. मुली पेटीवर बसल्या होत्या.

मी माझ्या पद्धतीनं लढले. अर्जाची प्रत दाखवली. कायदा सांगितला. असं एका दिवसात कुणाला काढता येत नाही, हे सांगितलं. मालक शांतपणे ऐकून म्हणाला, "ताई, तुमी पत्रक काढा. मी वाचीन." ठेकेदारानं टेम्पोवाल्याला खूण केली.

तेवढ्यात बाय आली. कुणाकडं न बघता सरिताला म्हणाली, "माझं भांडं."

मला वाटलं, आता हिला फाडून खावं. घर निघालं, आणि हिला पातेल्याची पडली. सरितानं गोणीत हात घालून पातेलं काढलं, पदरानं पुसलं आणि पुढं केलं.

बायनं आपले दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"रिकामं घेत नाय."

या वेळी सरिताला कळलं. मलाही कळलं, पण एक क्षण उशिरा. आणि आमच्याआधी मालकाला कळलं होतं, कारण त्याची मान खाली गेली होती.

"बाय, गाडीची वेळ झाली," तो म्हणाला.

"तुझी आई एडवणची ना रे? तुझ्या घरी रिकामं भांडं परत घेतात? भांडं बाहेर असताना बाईमाणसाला घरातून काढतात? तिला विचारून ये, मी बसते." आणि ती सरिताच्या उंबऱ्यावर बसली. खरोखर बसली, पाय पसरून.

"ये क्या बोल रही है?" ठेकेदारानं विचारलं.

"कुछ बनाके देना पड़ेगा," मालक पुटपुटला. "थोड़ा टाइम लगेगा."

गॅस टेम्पोतून उतरला. कणीक गोणीच्या तळाशी होती, म्हणून गोणीही उतरली. लायटर सापडेना, पेटी उतरली. सरितानं कणीक मळली, सत्तूचं, म्हणजे भाजक्या हरभऱ्याच्या पिठाचं सारण केलं, ते भरून कणकेचे गोळे, त्यांच्याकडच्या लिट्ट्या, भाजल्या. बायनं पहिली फोडली, तुकडा तोंडात टाकला. चावत राहिली. आम्ही सगळे तिच्या जबड्याकडं बघत होतो.

"मीठ नाय," ती म्हणाली. "परत कर."

दुसऱ्या वेळी लसूण कच्चा निघाला. ठेकेदार घड्याळ बघून शिव्या घालायला लागला. टेम्पोवाल्याला दुसरं भाडं होतं, तो उरलेलं सामान खाली ठेवून निघून गेला. तिसरी लिट्टी बायच्या तोंडात होती तेव्हा लांबून गाडीची शिटी ऐकू आली. तिनं घास गिळला.

"आता बरी हाय," ती म्हणाली, "पण पातेलं मोठं हाय. चार तरी पायजेत. उद्या दे."

मालक निघून गेला. तो परत आला नाही. त्यानं आईला विचारलं की नाही, मला माहीत नाही. ठेकेदार आला, पण मालकाशिवाय एकट्याचं त्याचं चाळीत चालेना. दोन दिवसांनी सरितानं कोळगावला जबाब दिला. बाय बाहेरच्या बाकावर दोन्ही मुलींना घेऊन बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या शिपायाला पाण्याचा माठ घासत नाही म्हणून बोलत होती. प्रकरण अजून चालू आहे. नवरा परत आला, हात पुरता सरळ होत नाही. पण कागदावर आता तो कामगार आहे. ठेकेदाराचं 'कामाला नव्हताच' तिथं संपलं.

कुणी याचा अर्थ असा काढेल की कायद्याला काही जोर नाही, शेजारधर्म पुरे. मी तसं म्हणत नाही. हजेरीपटावर नाव, हातात भाडेकरार, हे हक्क आहेत, आणि ते पातेल्यातून मिळत नाहीत. दर चाळीच्या तोंडाशी एक हट्टी म्हातारी बसवून सरकारला सुटता येणार नाही. पण हेही खरं की त्या दुपारी माझ्या पिशवीत सगळे कागद होते आणि सरिताला कुणीही नेऊ शकलं असतं. आमच्या मंडळाच्या यादीत ती 'लाभार्थी' होती. लाभार्थी निघून गेला की यादीत एक रेघ मारायची असते.

बाय मागच्या हिवाळ्यात गेली. मुलगा खोली रिकामी करायला आला. चाळीतल्या बायका एकेक भांडं घेऊन दारात उभ्या राहिल्या. कुणाच्या वाडग्यात गूळ, कुणाच्या पातेल्यात भात. तो बिचारा गोंधळला. "ठेवून घ्या सगळं," तो म्हणाला, "आमच्याकडं जागा नाही." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. ठेवून कसं घ्यायचं?

"रखेंगे नहीं," सरिता म्हणाली. त्या आठवड्यात शेवटच्या खोलीत नेपाळहून आलेलं एक जोडपं उतरलं होतं, कडेवर तान्हं मूल. ती भरलेलं पातेलं घेऊन सरळ तिकडं चालत गेली. "ये लो. कल बर्तन देना." आणि वळली.

अगदी तशीच वळली. मला मागून ओरडावंसं वाटलं, अगं, निदान तू तरी सांग.

तेव्हा माझं तुमच्याकडं एकच मागणं आहे, आणि ते या आठवड्यात करा. तुमच्या इमारतीचा वॉचमन, गल्लीतल्या बांधकामावरचं बिऱ्हाड, कारखान्यामागच्या खोलीत नव्यानं आलेलं घर, यांपैकी एका दारात एक भांडं भरून ठेवा. प्लॅस्टिकचा फेकून द्यायचा डबा नको. जे गेलं तर तुम्हाला चुटपुट लागेल, असं भांडं. आणि ते रिकामं परत आलं, तर घेऊ नका. फक्त हात मागं घेण्याआधी कारण सांगा. तिनं ते एकदाही सांगितलं नाही.